आई-बाबांचा कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा नाकारला. पुन्हा अर्ज कधी आणि कसा करावा?

ऊसपट्टा_सातारा

नमस्कार. बहीण आणि दाजी मिसिसागाला आहेत, दोघेही पीआर (कायमचे रहिवासी). बहिणीची डिलिव्हरी चार महिन्यांवर आली आहे. आई (५८, गृहिणी) आणि बाबा (६३, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त, पेन्शन ३६ हजार) यांचा व्हिसा गेल्या आठवड्यात नाकारला. नकारपत्रात दोन कारणे आहेत: कॅनडातील कौटुंबिक संबंध, आणि मालमत्ता व आर्थिक स्थिती.

मुक्काम सहा महिने लिहिला होता. सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, मराठीतलाच सातबारा आणि बहिणीचे आमंत्रणपत्र जोडले होते. अर्जाच्या महिनाभर आधी खात्यात ऊसबिलाचे ३ लाख १० हजार आले होते, आणि पंधरा दिवस आधी मी ४ लाख टाकले होते. सातबारा सामाईक आहे, बाबांसोबत दोन काकांची नावे आहेत.

प्रश्न: अपील होते का? किती दिवस थांबावे? सुपर व्हिसा (आई-वडिलांसाठीचा लांब मुक्कामाचा व्हिसा) घ्यावा का? एजंट म्हणतो, नव्या लॉगिनने अर्ज करू आणि आधीचा नकार लिहायचा नाही. हे चालते का?

मंजिरी_स्कारबरो

दादा, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथे चूक झाली तर बाकीचे सगळे निरर्थक होईल. नकार लपवू नका. "पूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का" या प्रश्नाला आता कायम "होय" हेच उत्तर आहे. लॉगिन नवे काढले तरी बोटांचे ठसे आणि यूसीआय क्रमांक (अर्जदाराचा ओळख क्रमांक) तेच राहतात, जुनी फाइल त्यांच्या समोरच असते. खोटे उत्तर सापडले की इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षे कॅनडाचे दार बंद होते. फॉर्म एजंटने भरला होता ही सबब चालत नाही. फॉर्म कोणीही भरो, जबाबदारी अर्जदाराची. एजंटकडून आधीच्या अर्जाची पूर्ण प्रत आजच मागून घ्या. त्यात काय लिहिले होते ते कळल्याशिवाय नवा फॉर्म भरू नका, नाहीतर दोन अर्जांत विसंगती येईल.

व्हिजिटर व्हिसाला अपील नाही. तीन वाटा आहेत.

वेबफॉर्मवरून फेरविचाराची विनंती करता येते, पण जोडलेला कागद अधिकाऱ्याने पाहिलाच नाही असे ठामपणे दाखवता येत असेल तरच. राहिलेले कागद नंतर पाठवून तिथे काही होत नाही.

फेडरल कोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू (निर्णयाची न्यायालयीन तपासणी) मागता येतो. कॅनडाबाहेरच्या निर्णयासाठी मुदत ६० दिवसांची. कोर्ट व्हिसा देत नाही, निर्णय अवाजवी ठरला तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवते. वकिलाची फी आणि लागणारा वेळ पाहता डिलिव्हरीसाठी ही वाट उपयोगाची नाही.

तिसरी वाट नव्या अर्जाची. त्यासाठी थांबण्याची सक्ती नाही, उद्याही करता येईल. पण तीच फाइल पुन्हा दिली तर उत्तरही तेच येणार.

म्हणून आधी अधिकाऱ्याच्या नोंदी मिळवा. नकारपत्र साच्यातले असते, अधिकाऱ्याने खरोखर काय विचार केला ते जीसीएमएस (इमिग्रेशन खात्याची संगणक प्रणाली) नोंदींमध्ये असते. अलीकडे काही नकारपत्रांसोबतच या नोंदी येतात, तेव्हा पोर्टलवरचे पत्र शेवटच्या पानापर्यंत उघडून पाहा. नसतील तर बहिणीने एटीआयपी अर्ज (कॅनडातला माहिती अधिकाराचा अर्ज) करावा. फी ५ डॉलर, आई आणि बाबांसाठी वेगवेगळा अर्ज, सोबत दोघांचे सहीचे संमतीपत्र. कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे, पण ती वाढते. कोर्टाचे ६० दिवस मात्र या नोंदींसाठी थांबत नाहीत.

ऊसपट्टा_सातारा

ताई, धन्यवाद. पत्र पुन्हा उघडले, शेवटी नोंदी आहेत. मथितार्थ असा: अर्जदाराच्या उत्पन्नाच्या मानाने मोठ्या रकमा नुकत्याच जमा, स्रोत दिलेला नाही, पती-पत्नी दोघेही प्रवास करणार, मायदेशी परतण्याची ओढ पुरेशी दाखवलेली नाही. सातबाऱ्याचा उल्लेखच नाही.

अभय_करसल्लागार

सातबाऱ्याचा उल्लेख नाही कारण तो वाचलाच गेला नसणार. इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतराशिवाय मराठी कागद त्यांच्या लेखी नसल्यासारखाच. भाषांतरासोबत मूळ प्रत आणि भाषांतरकाराचे नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र लागते. तुम्ही किंवा तुमच्या बहिणीने केलेले भाषांतर चालत नाही, नातेवाइकांना मनाई आहे.

ऊसबिल ही तुमची जमेची बाजू आहे, आणि नेमकी तीच संशयास्पद दिसली याचे वाईट वाटते. साताऱ्यात कुणालाही विचारले तरी ऊसबिल एकरकमी येते हे सांगेल, पण परदेशातला अधिकारी पाहतो ते इतकेच: पेन्शन ३६ हजार आणि अचानक ३ लाख. मागच्या तीन हंगामांच्या कारखान्याच्या बिलपावत्या काढा, त्या त्या जमेच्या बँक नोंदी लावा आणि दरवर्षी साधारण याच सुमारास पैसे येतात हे एका तक्त्यात दाखवा.

तुम्ही टाकलेल्या ४ लाखांबद्दल सरळ लिहा: मुलाने दिलेली मदत, सोबत तुमची पगारपत्रके आणि गिफ्टचे पत्र. ते पैसे बाबांची बचत म्हणून दाखवू नका. बाबांच्या स्वतःच्या एफडी किंवा पोस्टातली ठेव असेल तर ती पुढे ठेवा. वर्षानुवर्षांची ठेव दोन लाखांची असली तरी कालच्या चार लाखांपेक्षा बोलकी असते.

दोन खाचखळगे. शेतीचे उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. बाबांनी आयटीआर-१ भरून शेती दाखवलीच नसेल तर ऊसबिल आणि विवरणपत्र एकमेकांना खोटे पाडतात. सुधारित विवरणपत्राची मुदत असेल तर आधी ते भरा. दुसरे म्हणजे सामाईक सातबाऱ्यावर पूर्ण क्षेत्राचे मूल्यांकन लावू नका. फेरफार आणि ८-अ पाहून फक्त बाबांच्या हिश्श्याचे दाखवा. तीन नावांच्या जमिनीची सगळी किंमत एकाच्या नावे धरली तर बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो.

मंजिरी_स्कारबरो

आता परतण्याच्या ओढीबद्दल. डिलिव्हरीसाठी सहा महिने का, याचे उत्तर फाइलमध्ये नव्हते. डॉक्टरांचे तारखेसह पत्र घ्या आणि मुक्काम त्या तारखेशी जुळवा: आधी दोन-तीन आठवडे, नंतर दोन महिने. बाबांना लागणीसाठी किंवा तोडणीसाठी लवकर परतायचे असेल तर त्यांचा कालावधी वेगळा आणि कमी लिहा, पण ते खरे असेल तरच. तुम्ही साताऱ्यात आई-बाबांसोबत राहता हेही लिहा. घरी मुलगा, सून, नातवंडे असतील तर एकत्र रेशनकार्ड भाषांतरासह जोडा.

आई बाळ-बाळंतिणीचे करायला येते हे लपवू नका. मुलीला बिनपगारी मदत करणे हे कॅनडाच्या नियमांत काम धरले जात नाही, आईने मुलीचे मूल सांभाळणे हे त्यांच्याच मार्गदर्शनात उदाहरण म्हणून दिले आहे.

हे सगळे दोन पानी पत्रात मांडा, नोंदींमधला एकेक मुद्दा घेऊन त्याखाली त्याचा पुरावा. पोर्टलवर "क्लायंट इन्फर्मेशन" नावाची जागा असते, पत्र आणि जोडकागद एकाच पीडीएफमध्ये तिथे टाका. फाइल ४ एमबीच्या आत ठेवा, स्कॅन काळे-पांढरे केले तर बसते. फी पुन्हा माणशी १०० डॉलर. ठशांचे ८५ डॉलर परत लागत नाहीत, ठसे दहा वर्षे चालतात.

प्रवासी_नाशिक

सुपर व्हिसाबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून. एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण परत जाण्याची खात्री तिथेही पटवावीच लागते, त्यामुळे आधीच्या नकारावर तो तोडगा नाही. अटी अशा: मुलगी पीआर किंवा नागरिक, घरातील माणसांच्या संख्येनुसार ठरलेले किमान उत्पन्न (यात आई-बाबाही मोजतात), तिचे सहीचे आर्थिक हमीपत्र, किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा एक वर्षाचा आरोग्य विमा आणि पॅनेल डॉक्टरकडून (कॅनडाने नेमून दिलेल्या डॉक्टरकडून) वैद्यकीय तपासणी. विम्याचे नुसते कोटेशन चालत नाही, पॉलिसी घेतलेली लागते. व्हिसा न मिळाल्यास हप्ता परत, ही अट कंपनीकडून लेखी घ्या.

तीन महिन्यांच्या मुक्कामासाठी साधा व्हिजिटर व्हिसाच ठीक. बाळ वर्षाचे होईपर्यंत आईला राहायचे असेल आणि दाजी-ताईंच्या नोटीस ऑफ असेसमेंटमधले (कॅनडाच्या कर खात्याच्या पत्रातले) उत्पन्न बसत असेल, तर सुपर व्हिसाच मागावा. साध्या व्हिसावर येऊन मुदत वाढवत राहू, असा बेत करू नका.

ऊसपट्टा_सातारा

कारखान्याच्या शेती विभागातून तीन हंगामांची बिले मिळतील असे कळले. सातबारा, ८-अ आणि रेशनकार्ड भाषांतराला देतो. मुक्काम आईचा अकरा आठवडे, बाबांचा सहा. एक राहिले: एजंटने बाबांच्या नोकरीच्या रकान्यात फक्त "निवृत्त" लिहिले आहे, मागची वर्षे कोरी आहेत.

मंजिरी_स्कारबरो

तिथे मागच्या दहा वर्षांचा हिशेब लागतो, एकही महिना रिकामा नको. शाळेचे नाव, पद, रुजू आणि निवृत्तीचा महिना लिहा, त्यानंतर "निवृत्त, शेती". पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत लावा. आधीच्या अर्जात हा रकाना कोरा राहिला होता, तो आता दुरुस्त केला आहे, असे एक वाक्य पत्रात स्पष्ट लिहा. आईच्या फॉर्ममध्येही "गृहिणी" पूर्ण दहा वर्षांसाठी भरा.