जूनमध्ये पेरू: आईला झेपेल का?

नमस्कार मंडळी,
मुलांची शाळा सुटली की पेरूला जायचं घाटतंय. पुण्याहून आई इकडे अमेरिकेत आलीय, वय 68, रोज तासभर चालते. कुस्कोला उतरायचं, दुसऱ्या दिवशी विनिकुंकाचा सप्तरंगी डोंगर, मग इंकांचं डोंगरावरचं जुनं शहर माचू पिक्चू, असा बेत आहे. कुणी जाऊन आलंय का?

---

ताई,
आईंना जरूर न्या, पण तो दुसऱ्या दिवसाचा डोंगर आधी खोडा. कुस्कोच मुळी 3,400 मीटरवर आहे आणि विनिकुंका 5,000 च्याही वर, म्हणजे कळसूबाईच्या तिपटीहून जास्त! चालायची सवय तिथे कामाला येत नाही. विरळ हवेत पोरंसोरंही डोकं धरून बसतात.

माचू पिक्चू मात्र कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली. म्हणून क्रम उलटा लावा. विमानतळावरून गाडी करून थेट ओयांतायतांबो या कुस्कोहून खालच्या गावाला जा, तिथे दोन रात्री काढा. गावातल्या गल्ल्यांतून इंकांच्या, म्हणजे स्पॅनिश येण्याआधीच्या तिथल्या राज्यकर्त्यांच्या, काळातले दगडी पाट अजून खळखळत वाहतात. जवळच मारासची मिठागरं आहेत. समुद्राचा पत्ता नाही आणि डोंगरउतारावर पांढरे वाफेच वाफे! खाऱ्या झऱ्याचं पाणी त्यांत खेळवून उन्हात आटवतात.

ओयांतायतांबोहूनच माचू पिक्चूच्या पायथ्याच्या आगुआस कालिएन्तेसला आगगाडी जाते, पुढे वर बस. तिकिटावर वेळ आणि मार्ग ठरलेला असतो, पासपोर्ट जवळ लागतो. स्वच्छतागृह दाराबाहेरच आहे, तेव्हा आईंना आत शिरण्यापूर्वीच जाऊन यायला सांगा. पायऱ्या उंच, कठडे नाहीत. काठी असू द्या, खाली रबरी टोपण असलेली.

भाऊजींना माचू पिक्चूला पायी जायचा चार दिवसांचा इंका ट्रेल खुणावत असेल, तर यंदा विसरा. हमाल-वाटाडे धरून दिवसाला 500 जणांनाच सोडतात, जूनचे परवाने कित्येक महिने आधी संपतात.

कुस्को शेवटी ठेवा. कोरिकांचा चुकवू नका: इंकांच्या सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिशांनी चर्च चढवलं. 1950 च्या भूकंपात चर्चची पडझड झाली, खालच्या चुन्याशिवाय जोडलेल्या भिंती जागच्या हलल्या नाहीत. मला विचाराल तर माचू पिक्चूइतकंच हे बघण्यासारखं. 24 जूनला इंती रायमी, सूर्याचा उत्सव. स्पॅनिशांनी बंद पाडलेला, 1944 पासून पुन्हा होतो. गर्दी तोबा असते, हॉटेलं महागतात. गर्दीचा तिटकारा असेल तर तो आठवडा टाळा.

---

वरच्या काकांच्या उत्तरात थोडी भर. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचं आईंच्या डॉक्टरांना विचारून घ्या, बीपीचं औषध चालू असेल तर नक्कीच. तिथे सगळे कोकाच्या पानांचा चहा देतात, तो तिथेच प्या. त्याची पाकिटं अमेरिकेत आणायला बंदी आहे. शाकाहारी असाल तर किनुआचं सूप मागवताना रस्सा कोंबडीचा नाही ना, हे खोदून विचारा. बटाट्याला मात्र तोटा नाही. आणि रात्री कडाक्याची थंडी पडते, जून म्हणजे तिकडे हिवाळा. कानटोप्या घ्या!