२३ सप्टेंबरच्या पहाटे तुम्ही आधी काय उचललं होतं?

तळमजल्यावरची

नमस्कार सगळ्यांना. नागपूरच्या २०२३ च्या पुराबद्दल विचारायचं आहे, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला होता तो. मी तेव्हा बारावी सायन्सला होती. आता आमच्या कॉलेजच्या वार्षिकांकासाठी 'विद्यार्थी जीवनातला न विसरता येणारा दिवस' यावर लिहायला सांगितलं आहे, माझ्याकडे दुसरा दिवसच नाही. पण लिहायला बसली तर लक्षात आलं की मला अर्धं काही आठवतच नाही.

डागा लेआउटमध्ये आमचं तळमजल्याचं घर. शुक्रवारी महालक्ष्म्यांचं जेवण झालं होतं, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी सगळं होऊन रात्री भांडी घासून सगळे दमून झोपले. घर पाहुण्यांनी भरलेलं, हॉलमध्ये जमिनीवर गाद्या टाकून सतरा माणसं. रात्री दोनच्या सुमारास पाऊस सुरू झाला तो असा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मग पहाटे मावशी ओरडली की माझी गादी ओली कशी झाली, आणि आम्ही आधी तिच्या छोटीवर रागावलो! कोणाच्या डोक्यात आलंच नाही की दाराखालून पाणी येऊन राहिलं आहे. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत गुडघाभर झालं, नंतर कमरेपर्यंत. लाइट नाही. फ्रिज आडवा होऊन भिंतीला आपटत होता, तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो, जोराचा पाऊस आला की मी उठून दाराशी जाऊन पाहते.

आता प्रश्न. आई म्हणते मी सगळ्यात आधी माझी जर्नल्स उचलली. भाऊ म्हणतो मी दिवाणवर उभी राहून नुसती पाहत होती, हातात एक चप्पल होती. मला यातलं काहीच आठवत नाही, फक्त महालक्ष्म्यांचे मुखवटे बाबांनी डोक्यावर घेऊन वरच्या काकूंकडे नेले एवढं दिसते, आणि फुलोऱ्यातल्या करंज्या पाण्यावर तरंगत होत्या. जर्नल्स वाचली असती तर मला पुन्हा लिहावी लागली नसती, म्हणजे आईचंही बरोबर नाही.

तुम्ही त्या दिवशी शिकत असाल आणि त्या भागात असाल तर सांगा ना, आधी काय उचललं होतं. आणि अजून एक, माझ्या त्या भिजलेल्या वह्या आईने फेकू दिल्या नाहीत, सज्जावर पेटीत आहेत, पानं चिकटून ठोकळे झाले आहेत. त्या उघडता येतील का?

---

यवतमाळचा_पोरगा

ताई मी त्या वेळी शंकरनगरजवळ खोली करून राहत होतो, इंजिनिअरिंग सेकंड इयर. मी फाईल उचलली. माझे बाबा शेतकरी आहेत, मला नागपूरला सोडायला आले तेव्हा एकच सांगून गेले होते, पैसे गेले तर पाठवू पण कागदं सांभाळ. दहावी-बारावीची मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, जात पडताळणीची व्हॅलिडिटी, नॉन क्रीमीलेअर, सगळं एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये, ती उशाशीच असायची. लॅपटॉप टेबलवर होता, हप्ते सुरू होते त्याचे, तो राहिला. मी तो विसरलो नव्हतो, एका हाताने मालकांच्या आईला धरलं होतं आणि दुसऱ्या हातात फाईल होती, तिसरा हात नव्हता.

उजाडलं तेव्हा गच्चीवरून पाहिलं, कार एकावर एक चढलेल्या. जवान लोकांना बाहेर काढून राहिले होते, जवळच्या मूकबधिर शाळेतल्या पोरांनाही काढलं, ते नंतर समजलं. त्या पोरांना रात्री पावसाचा आवाज पण ऐकू आला नसेल हे माझ्या डोक्यातून आजपर्यंत जात नाही.

माझ्या बाजूच्या खोलीतल्या पार्टनरची सगळी कागदं गेली. मार्कशीट डिजिलॉकरवर मिळाली, ते सोपं आहे, पण व्हॅलिडिटीसाठी त्याने किती चकरा मारल्या ते मी पाहिलं आहे. म्हणून जे पोरं रूम करून राहतात त्यांनी फाईल खाली ठेवू नका, आणि सगळ्यांचे फोटो काढून घरी पाठवून ठेवा, आजच.

---

मानेवाडा_रिंगरोड

मी काहीच उचललं नाही कारण मी झोपलो होतो. आमच्याकडे नुसता पाऊस. सकाळी सातला मोबाइल पाहिला तर ग्रुपवर दोनशे मेसेज आणि मोरभवनच्या बसस्टँडचा फोटो, बस अर्ध्या पाण्यात. आधी वाटलं जुना फोटो असेल कुठला तरी. बातम्यांत सांगून राहिले होते चार तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस झाला म्हणून. शाळा-कॉलेजला सुट्टी दिली होती आणि खरं सांगतो, सुट्टीचा मेसेज वाचून मला आधी आनंद झाला होता, त्याची मला आजही लाज वाटते.

दुपारी मित्राच्या घरी गेलो कॉर्पोरेशन कॉलनीत. पाणी उतरलं होतं पण घरात घोट्याच्या वर चिखल, काळा, वास मारणारा. फडा, वायपर, बादली, जे मिळालं ते घेऊन आम्ही सहा जणांनी तीन दिवस चिखल काढला. चिखल वाळला की निघत नाही, ओला असतानाच काढावा लागतो, हे त्याच्या आजीने सांगितलं. तिने गाद्या बाहेर फेकताना एकही शब्द काढला नाही, पण शिवणाच्या मशीनवर मात्र पदराने हात फिरवत बसली होती.

सरकारने घरामागे दहा हजार जाहीर केले होते. मित्राच्या घरी नुसता फ्रिज आणि वॉशिंग मशीन धरलं तरी त्याच्या वर जाते.

---

ग्रंथालयात_कामाला

वह्यांबद्दल सांगतो, हे माझं रोजचं काम आहे. पूर ओसरल्यावर पहिले दोन दिवस महत्त्वाचे असतात, त्यानंतर बुरशी धरते. तेव्हा काय करायचं असते तर पानांमध्ये कोरे कागद घालून पंख्याखाली वाळवायचं, उन्हात नाही, उन्हात कागद वाकडा होतो आणि शाई उडते. वह्या जास्त असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायच्या, तिथे बुरशी वाढत नाही आणि मग सवडीने एकेक काढून वाळवता येते. पण ज्याच्या घरातला फ्रिजच तरंगून राहिला होता त्याला हे सांगून काय उपयोग, म्हणून तुमच्या आईने वह्या फेकल्या नाहीत हेच मोठं केलं.

आता वाळून ठोकळा झाला असेल तरी साध्या वहीचा कागद बरेचदा सुटतो. मास्क लावा, गच्चीवर बसा, घरात नको, बुरशीची धूळ उडते. वही पुन्हा ओली करू नका. स्टीलची पातळ पट्टी कोपऱ्यातून हळूच सरकवा, जिथे अडेल तिथे सोडून दुसऱ्या बाजूने या. गुळगुळीत चकचकीत कागद मात्र एकदा चिकटून वाळला की सुटत नाही, त्याच्यावर जोर लावू नका, फाटेल.

बॉलपेनचं लिहिलेलं बहुतेक वाचता येईल, त्याची शाई तेलाची असते. शाईपेनचं गेलं समजा. जेलपेनचं सांगता येत नाही, पेनावर आहे. आणि पेन्सिलला पाण्याने काही होत नाही.

---

जुनिअर_कॉलेजची_मॅडम

बाळा, मी शिकवते आणि त्या वर्षी माझ्या वर्गातल्या चार मुलांची जर्नल्स गेली होती. बारावीला प्रत्येक सायन्सच्या विषयाला प्रॅक्टिकलचे ३० मार्क, आणि सर्टिफाइड जर्नलशिवाय मुलं बसणार कशी, त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. मग आम्ही वर्गातच ठरवलं की ज्यांची जर्नल्स आहेत त्यांनी ती चौघांना द्यायची, आणि डिसेंबरपर्यंत सगळं लिहून झालं. मी पहिल्यांदा सही करताना तारीख टाकते, त्या वेळी जुन्याच तारखा टाकल्या, कारण प्रयोग तर मुलांनी तेव्हाच केले होते, माझ्यासमोर केले होते.

तू जे आठवत नाही म्हणतेस ते वार्षिकांकात तसंच लिही. आई हे म्हणते, भाऊ ते म्हणतो, मला हे दिसते. माझ्या मुलांनीही नंतर प्रत्येकाने वेगळंच सांगितलं होतं, एकाच घरातल्या दोघांनीसुद्धा.

---

तळमजल्यावरची

सगळ्यांना खूप थँक्स. यवतमाळच्या दादा, तुमचं वाचून मी आधी आमच्या सगळ्यांच्या कागदांचे फोटो काढले.

काल रविवारी पेटी खाली काढली. मास्क लावून गच्चीवर बसली, भावाला पण बसवलं. फिजिक्सची वही गेली, निळा डाग झाला आहे नुसता, मी शाईपेनने लिहायची अक्षर चांगलं यावं म्हणून. केमिस्ट्रीची अर्धी फाटली, माझीच चूक, जोर लावला. मग बायोचं जर्नल घेतलं आणि सर तुम्ही म्हणाले तसं पट्टी सरकवत गेली. एका पानाला वीस मिनिटं लागत होती पण सुटत होतं. आणि आकृत्या सगळ्या आहेत!! पेन्सिलच्या ना त्या. कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या पेशी, परागकणातून नळी निघते ती, सगळं जसंच्या तसं, रेघांवरचं शेडिंगसुद्धा. नावं मात्र पेनने लिहिली होती ती सगळी धुवून गेली. आकृतीतून बाणाच्या रेघा बाहेर येतात आणि पुढे काहीच नाही.

संध्याकाळी मावशीला फोन केला, म्हटलं तुला तरी आठवते का मी आधी काय उचललं. ती म्हणाली तू काही उचललं नाहीस, तू छत्रीच्या लाकडी दांड्याने मीटरजवळचा मेन स्विच पाडला, म्हणून तर लाइट गेली. मी इतके दिवस समजत होती की लाइट पावसाने गेली. भावाला विचारलं तर तो म्हणे हो, छत्री होती खरी, मला ती चप्पल वाटली असेल.

रात्री आम्ही दोघं जर्नल घेऊन बसलो, तो बोट ठेवत होता आणि मी नावं सांगत होती. दोन सोडून सगळी आली. ती दोन आता पेन्सिलने लिहून ठेवते.