पुलाचे रोखे: मुद्दल फेडायचं कशातून?

प्रश्न: नगरपालिका पुलासाठी १०० कोटींचे रोखे काढतेय. मुदत १० वर्षे, व्याज ८ टक्के, मुद्दल एकदम शेवटी. दरवर्षी किती बाजूला काढावे लागतील?

उत्तर १: व्याजाचे ८ कोटी दरवर्षी जाणारच. मुद्दलासाठी सिंकिंग फंड, म्हणजे परतफेडीसाठी दरवर्षी थोडी रक्कम साठवायचा वेगळा निधी, उघडा. त्यावर ६ टक्के मिळाले तर दर वर्षअखेर ७.५९ कोटी भरा; एकूण बोजा १५.५९. समान वार्षिक हप्त्यांत फेडलं तर १४.९० कोटींत भागतं, कारण फेडलेल्या मुद्दलावर ८ टक्के वाचतात आणि फंडात ६च मिळतात. आणि हो, या फंडातून पगार भागवायला सुरुवात झाली की दहाव्या वर्षी हात रिकामे!

उत्तर २: टोलमधून फेडणार असाल तर वसुली थेट एस्क्रो खात्यात (त्रयस्थाच्या ताब्यातलं, ठरलेल्या कामासाठीच पैसे सोडणारं खातं) जाऊ द्या. देखभाल वजा जाता उत्पन्न हप्त्याच्या निदान १.२५ पट हवं, म्हणजे १४.९० ला सुमारे १८.६३ कोटी. वाहनांचा अंदाज फुगवलेला असला की गाडी इथेच अडते. सहा महिन्यांचा हप्ता राखीव ठेवाच.

प्रश्नकर्ता: याच पैशातून जुन्या रस्त्यांवर डांबराचा नवा थर टाकला तर?

उत्तर १: नको. थर उखडल्यावरही कर्ज फेडत बसाल. तो खर्च चालू महसुलातूनच करा.