पूर्ण कच्चा आहार: करावा की नाही?

शाहूपुरीकर:
अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत कच्च्या आहाराची लाट आलीय. फळं, न शिजवलेल्या भाज्या, भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेली कडधान्यं, बस्स. भाकरीही बंद. मी पूर्ण बाजूने आहे. शिजवल्यावर क जीवनसत्त्व बरंच जातं. कच्चं खाल्लं की तेल, मीठ, साखर आपोआप कमी होते. पोट हलकं राहतं, दुपारी पेंग येत नाही. विरोध असेल त्यांनी कारण द्यावं, नुसतं 'आमच्यात असलं चालत नाही' नको.

कोरेगावची सून:
कारण देते, दादा. आमच्या धाकट्या जाऊबाईंनी याच नादात वाघ्या घेवड्याला मोड आणून कोशिंबिरीत घालायला घेतला होता. मी पातेलं काढूनच घेतलं. घेवडा राजम्याच्या जातीचा. कच्च्या दाण्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं. चार-पाच दाण्यांनीसुद्धा काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. नुसते मोड आणून त्याचा भरवसा नाही. रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळायचा.

शाहूपुरीकर:
घेवडा सोडू, ताई. मूग-मटकी तर चालेल? आणि फळं-भाज्यांतून बी12 जीवनसत्त्व मिळत नाही म्हणाल, तर मी धारोष्ण दूध घेतो.

गोठेवाला, मसूर:
धारोष्ण नको, हात जोडून सांगतो. माझी स्वतःची जनावरं आहेत. जनावर वरून धडधाकट दिसतं, पण आत ब्रुसेला नावाचा रोगजंतू असू शकतो, आणि कच्च्या दुधातून त्याची लागण माणसाला होते. महिनोन् महिने ताप, सांधेदुखी. आमच्या घरात दूध उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. उकळलं तरी बी12 बऱ्यापैकी राहतं.

आहारतज्ज्ञ, कराड:
मोडांबद्दल. मोड येतात त्याच उबेत आणि ओलीत जंतूही वाढतात. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय नावाचा जंतू पसरला, 50 हून जास्त माणसं गेली. मटकीला चांगली वाफ द्या. क जीवनसत्त्वाचं तुमचं म्हणणं खरंच आहे, पण गाजरातलं बीटा-कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपीन ही पोषक द्रव्यं शिजवल्यावर अंगी जास्त लागतात. दूधही सोडलेल्यांना बी12 मिळत नाही, आणि यकृतात साठा असल्यामुळे कमतरता कळायला काही वर्षं जातात. म्हणून आत्ता हलकं वाटतंय यावर जाऊ नका.

माणदेशी:
कच्चं आपल्याकडे नव्हतं का? कोवळी मेथी बारीक चिरायची, कांदा, दाण्याचं कूट, मीठ, तिखट, वरून कच्चं तेल. झाला घोळाणा. शेतात मुळा उपटून पाल्यासकट खायचे. पण खाली ज्वारीची भाकरी असायचीच. दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईला नुसत्या काकडीवर ताकद कुठून येणार?

शाहूपुरीकर:
दूध उकळून घेईन, मटकी वाफवीन, बी12 तपासून घेईन. पण भाकरीकडे परत वळणार नाही. मला हे मानवतंय.

कोरेगावची सून:
तुमचं तुम्ही बघा, दादा. पण हेच ताट सुनेला, मुलीला लावू नका. 1999 च्या एका जर्मन अभ्यासात, वर्षानुवर्षं कच्चं खाणाऱ्या 45 च्या आतल्या बायकांपैकी सुमारे 30 टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा बंदच झाली होती. वाढत्या पोरींना आणि गरोदर बाईला गरम वरणभात, भाकरी-भाजी मिळालीच पाहिजे. यावर मी मागे हटणार नाही.