अनुभव धागा: घरगुती विनोदी मालिकेचा एक भाग कसा उभा राहतो

लेखन, सेट, कॅमेरा, ध्वनी, संकलन, ज्याने त्याने आपापल्या खात्यातलं लिहा. आठवणी नकोत. काय करायचं आणि कुठे फसतं, तेवढं पुरे.

लेखनाकडून:
अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण 22 मिनिटं उरतात. त्यात एक मुख्य कथानक आणि एक उपकथानक मावतं. सगळ्यात जास्त फसतं ते गैरसमजावर उभं केलेलं कथानक. एका वाक्यात उलगडा होणार असेल, तर पात्र ते वाक्य बोलत का नाही, याला भक्कम कारण हवं: लाज, धाक, कुणाला दिलेला शब्द. कारण नसेल तर प्रेक्षक हसायच्या ऐवजी वैतागतो. पंचाचा, म्हणजे ज्यावर हशा येतो तो शब्द वाक्याच्या अगदी शेवटी ठेवा. मराठीत तिथे 'होतं', 'आहे' येऊन बसतं आणि हशा विरतो, म्हणून वाक्य फिरवून घ्यावं लागतं.

सेटवरून:
दार आपटलं की भिंतीचा फ्लॅट (सेटवरची खोटी, हलकी भिंत) थरथरतो. दाराच्या दोन्ही बाजूंना मागून तिरके टेकू द्या आणि त्यांच्या पायावर वजन ठेवा. तसबिरींच्या काचा काढून टाका, नाहीतर दिवे त्यात चमकतात. जेवणाच्या टेबलाची कॅमेऱ्याकडची बाजू रिकामी ठेवायची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मग उरलेल्या तीन बाजूंना सहा जण कोंबले जातात आणि कोपरावर कोपर आपटतं. टेबल लांबट घ्या.

कंटिन्युइटी (एका शॉटमधून दुसऱ्यात सगळं जुळतंय ना, हे पाहणारं खातं):
खाण्याचे प्रवेश! घास कुठल्या शब्दावर घेतला ते संहितेतच लिहून ठेवा, प्रत्येक टेकला (तोच प्रवेश पुन्हा चित्रित करताना) ताट नव्याने भरा आणि पाण्याच्या पेल्याची पातळी फोटोत टिपा. मऊ, पटकन गिळता येणारं खाणंच द्या.

कॅमेऱ्यामागून:
'आय लव्ह लुसी' ही अमेरिकन विनोदी मालिका 1951 मध्ये सुरू झाली, तेव्हा प्रेक्षकांसमोर एकाच वेळी तीन फिल्म कॅमेरे चालवले गेले. छायाचित्रणकार कार्ल फ्रॉइंड यांनी त्यासाठी वरून, सर्वत्र सारखा पडणारा प्रकाश बेतला. आजही अनेक कॅमेऱ्यांच्या मालिका सपाट उजळलेल्या दिसतात त्या यामुळेच: रुंद शॉटला जुळणारा प्रकाश क्लोजअपलाही त्याच क्षणी चालायला हवा. एका कॅमेऱ्याने शूट करताना दर शॉटला दिवे बदलता येतात. दिसायला ते छान, पण वेळ खातं आणि विनोदाची लय तुटते. माझं मत, स्वयंपाकघरातल्या भांडणाला अनेक कॅमेरेच हवेत. समोरच्याची खरी प्रतिक्रिया पुन्हा मिळत नाही.

ध्वनी:
मिठी आली की दोघांचे लेपल माइक (कपड्याला लावलेले छोटे माइक) घासतात. तेवढ्यापुरता बूमचा (लांब दांड्यावर वर धरलेल्या माइकचा) आवाज घ्या. सेटवरचा चालू फ्रिज बंद करा.

संकलनातून:
वर लेखकाने 22 मिनिटं सांगितली, पण पहिलं संकलन त्याहून लांबच निघतं. मग उपकथानकाला कात्री लागते. त्यातल्या एखाद्या प्रवेशात पेरलेला विनोद पुढे पुन्हा येत असेल, तर तो पुढचा उल्लेखही काढा, नाहीतर ती ओळ अधांतरी लोंबकळते. प्रेक्षकांचा हशा वेगळ्या ट्रॅकवर घ्यायला सांगा, म्हणजे कमी-जास्त करता येतो. नटाने हशा पूर्ण थांबायची वाट पाहू नये. तो ओसरू लागला की पुढचं वाक्य सोडावं. हशाच न वापरणाऱ्या मालिकेत अशी थांबण्याची जागा पोकळ वाटते, ती प्रतिक्रियेच्या शॉटने भरा किंवा उडवा.