अलास्का: साल्मनची मासेमारी आणि अस्वले, दोन्ही एकाच सहलीत जमेल का?

सरी_सिएटलच्या:
नमस्कार. माझे आई-बाबा उन्हाळ्यात गुहागरहून आमच्याकडे सिएटलला येत असून, आम्हा चौघांना जुलै किंवा ऑगस्टमध्ये आठवडाभर अलास्काला जायचे आहे. बाबांचे आयुष्य खाडीत गळ टाकण्यात गेल्यामुळे त्यांना स्वतःच्या हाताने साल्मन पकडायचा आहे. आई ब्रुक्स धबधब्यावरील अस्वलांचे थेट प्रक्षेपण तासन्‌तास पाहत असते. परंतु गुडघ्यांमुळे तिला फार चालवत नाही. अँकरेजपर्यंतची तिकिटे सोडून चार हजार डॉलरमध्ये सर्व बसवायचे आहे. कुठे आणि केव्हा जावे?

हिमनगकाका:
अलास्काला माणूस आयुष्यात एकदाच जातो, तेव्हा तेथे पैशाकडे पाहू नये. कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स लॉजमध्येच राहावे. आम्हाला तेथील खोली सोडतीत मिळाली होती आणि जुलैमध्ये उड्या मारणारे सॉकाय साल्मन अस्वलांनी हवेतच तोंडात पकडलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. गर्दी झाली की धबधब्याच्या मचाणावर ठरावीक वेळच थांबण्याची मुभा मिळते. परंतु मुक्कामाला असलेल्या माणसाला पुन्हा रांगेत उभे राहता येते.

डॅलसची_सून:
काका, त्यांनी खर्चाची मर्यादा सांगितली आहे. अँकरेजहून ब्रुक्सची एका दिवसाची विमानफेरीच माणशी हजार डॉलरच्या घरात जाते, म्हणजे चौघांचे पैसे तेथेच संपले. शिवाय धुके आले की विमान उडत नाही. आमची फेरी अशीच रद्द झाली आणि त्या कंपनीने रोख परत न देता पुढील वर्षीचे कुपन हातावर टेकवले. दुसऱ्या फेरीत पोहोचलो तेव्हा ऑगस्ट उजाडला होता आणि धबधबा जवळजवळ रिकामा होता.

हिमनगकाका:
ऑगस्टमध्ये जावेच कशाला? त्या महिन्यात मासे वरच्या ओढ्यांत पांगतात आणि अस्वले त्यांच्यामागे जातात. सप्टेंबरमध्ये अंडी घालून थकलेले मासे प्रवाहाबरोबर खाली येऊ लागले की अस्वलेही परततात. जुलै नसेल तर सप्टेंबर, आणि दोन्ही वेळा लॉजच.

खाडीकाठचा:
मासेमारीचे मी सांगतो. बाबांना कीनाई नदीवर न्यावे. जुलैच्या उत्तरार्धात सॉकायचा दुसरा लोंढा येतो आणि काठावरून, होडी न घेता, मासे मिळतात. परराज्यातील व्यक्तीस सात दिवसांचा परवाना 45 डॉलरला मिळतो; सोळा वर्षांखालील मुलांना तो लागत नाही. मात्र नदीत शिरलेला सॉकाय सहसा आमिष घेत नाही. दोरी प्रवाहात अशी ओढावी लागते की ती त्याच्या उघड्या तोंडातून सरकून गळ बाहेरून जबड्यात रुते. गळ अंगात इतरत्र रुतला, तर मासा सोडून देणे बंधनकारक आहे.

सनीवेलचे_सावंत:
इतका खटाटोप कशासाठी? कीनाईच्या मुखाशी लोक मोठे जाळे धरून उभे राहतात आणि तासाभरात शीतपेटी भरतात. माझ्या मित्राने भरली आहे. जाळे भाड्याने घ्यावे.

अँकरेजवासी:
सावंतसाहेब, आपले मित्र अलास्काचे रहिवासी असणार. जाळ्याने मासे धरण्याची ती मुभा केवळ रहिवाशांना आहे. पाहुण्याने तसे केल्यास दंड होईल. किंग साल्मनचा विचारही करू नये, कारण त्यांची संख्या घटल्यामुळे कीनाईत गेली काही वर्षे त्यांच्यावर बंदी येत आहे. मर्यादा हंगामाच्या मध्येही बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मत्स्यखात्याचे आदेश वाचावेत. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा प्रवासी विमानात कोणत्याही सामानातून नेता येत नाही, तो येथेच विकत घ्यावा. ब्रुक्सला आईंना धबधब्यापर्यंत एका बाजूने सव्वा मैल चालावे लागेल, आणि वाटेत अस्वल आडवे आले तर ते हलेपर्यंत उभे राहावे लागेल. गाडीतून अस्वले पाहायची असतील तर वाल्डीझ गावी सॉलोमन गल्च हॅचरीपाशी (मत्स्यबीज केंद्रापाशी) रस्त्यावरून ती दिसतात; पण तेथे जुलैमध्ये पिंक साल्मन असतो आणि पिंकला आम्ही मासा म्हणत नाही.

सनीवेलचे_सावंत:
नियम बदलले असतील. फवाऱ्याऐवजी घुंगरू बांधावे, आम्ही तेच केले होते.

अँकरेजवासी:
घुंगरांचा भरवसा धरू नये. मोठ्याने बोलत चालावे आणि फवारा पिशवीत न ठेवता कमरेला लावावा.

सरी_सिएटलच्या:
सर्वांचे आभार. बाबांना कीनाईची पद्धत वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले की माशाने स्वतःहून तोंड लावले नाही, तर ती मासेमारी नव्हे, ते नुसते ओढणे झाले. त्यामुळे आम्ही जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात वाल्डीझला जात आहोत. पिंक खाऱ्या पाण्यात चकाकत्या स्पूनवर, म्हणजे धातूच्या खोट्या आमिषावर, झेपावतो आणि काठावरून मिळतो. अँकरेजहून सुमारे तीनशे मैल गाडीनेच जाऊ. अस्वल दिसेलच असे नाही हे आईला सांगितले आहे. एखाद्या संध्याकाळी नाही आले तर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा गाडी लावून बसू, असे तिचे म्हणणे आहे.

हिमनगकाका:
एवढ्या लांब जाऊन ब्रुक्स न पाहता परतणार, याचे आश्चर्य वाटते.

खाडीकाठचा:
पिंकसाठी तीनशे मैल मी गेलो नसतो. पण जात असाल, तर पकडताच त्याचे रक्त काढून तो बर्फात घालावा, कारण त्याचे मांस फार लवकर मऊ पडते. आमटी त्याच रात्री करावी. कोकम आणि तिरफळ सिएटलहूनच न्या.