राष्ट्रीय वनप्रमाणन मानक आणि ग्रामसभांचे जंगल : पुरावा कशाला म्हणायचे?

बांबूबन (प्रश्न)

नमस्कार. गडचिरोली जिल्ह्यातील काही ग्रामसभांच्या बांबू आणि तेंदूपत्त्याच्या हिशेबाचे काम मी गेली काही वर्षे करत आहे. या ग्रामसभांकडे वनहक्क कायद्याखाली मिळालेले सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याचे व सांभाळण्याचे हक्क, आहेत. यंदा बांबूच्या एका खरेदीदाराने प्रथमच विचारले की, हा माल शाश्वत व्यवस्थापन असलेल्या जंगलातील असल्याचे प्रमाणपत्र तुमच्याकडे आहे का.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय वन व लाकूड प्रमाणन योजना जाहीर केली. तिच्या वनव्यवस्थापन मानकात ८ निकष, ६९ निर्देशक आणि २५४ पडताळणी मुद्दे असून ते २०२३ च्या राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेचा भाग आहे. माझी अडचण इथूनच सुरू होते. कार्य आयोजना, म्हणजे जंगलाच्या व्यवस्थापनाचा अधिकृत आराखडा, वन विभाग तयार करतो, तर आमच्या ग्रामसभांचा आराखडा वेगळा, वनहक्क नियमांप्रमाणे गावाच्या समितीने केलेला असतो. त्यात मोजणीचे तक्ते थोडे आहेत आणि ठरावच जास्त आहेत. मग तपासणीला आलेला निरीक्षक हे जंगल नेमके कशाच्या आधारे तपासणार? आणि देशाचे मानक ठरवताना अशा जंगलांसाठी वेगळी मांडणी करायला हवी होती, असे आपल्याला वाटते का?

कूपक्रमांक७

मी कार्य आयोजनेच्या कामात बरीच वर्षे होतो, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो. हे आठ निकष २०२३ मध्ये एकाएकी आलेले नाहीत. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत १९९८-९९ च्या सुमारास शाश्वत वनव्यवस्थापनाचे निकष आणि निर्देशक ठरवण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि तेव्हापासून निकषांची संख्या आठच राहिली. वनक्षेत्राची व्याप्ती, जैवविविधता, जंगलाचे आरोग्य, माती आणि पाणी, उत्पादकता, वनोपजाचा वापर, लोकांचे सामाजिक व सांस्कृतिक लाभ आणि धोरणात्मक चौकट, असा त्यांचा आशय आहे. पुढे २०१४ च्या कार्य आयोजना संहितेतही ते आले. विभागीय वन अधिकाऱ्याच्या कार्यालयात जी माहिती तयार असते, तिच्याभोवती या मानकाची रचना झाली आहे, हे आपले निरीक्षण बरोबर आहे.

मात्र एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. वनहक्क नियमांत २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार संवर्धन आणि व्यवस्थापनाचा आराखडा ग्रामसभेची समितीच करते. वन विभागाच्या आयोजनेशी त्याची सांगड घालायची असली, तरी त्यासाठी कोणते फेरबदल आवश्यक आहेत हे ठरवण्याचा अधिकारही त्या समितीलाच आहे. त्यामुळे गावाचा आराखडा हा दुय्यम कागद आहे असे निरीक्षकाने समजणे कायद्याला धरून होणार नाही.

प्रमाणपत्र देणारी संस्था, तिला मान्यता देणारे मंडळ आणि योजना चालवणारी संस्था या तिघी वेगवेगळ्या असणे हा अशा प्रत्येक योजनेचा कणा असतो. इथे योजना भोपाळची संस्था चालवते, तर प्रमाणन संस्थांना मान्यता देण्याचे काम भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाकडे आहे. म्हणून मानकाच्या अर्थाविषयीचा आपला प्रश्न निरीक्षकाकडे न नेता भोपाळला लेखी पाठवावा.

माडबन

मी कोकणातला. आमच्याकडे बहुतेक झाडे मालकीच्या जमिनीवर आहेत आणि अशा वनाबाहेरील वृक्षांसाठी योजनेत स्वतंत्र मानक आहे. दोन-चार एकरांच्या मालकाला एकट्याने तपासणीचा खर्च परवडत नाही, म्हणून अनेकांनी एका व्यवस्थापकाखाली येऊन गटाने प्रमाणपत्र घेण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे. ग्रामसभांचा महासंघ असेल तर आपणही तोच मार्ग धरावा.

खरेदीदार युरोपला माल पाठवत असेल, तर त्याला नेमके काय हवे आहे हेही आधी विचारून घ्यावे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमात लाकडासाठी भूखंडाचे अक्षांश-रेखांश मागितले जातात आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगलतोड झालेल्या जागेवरील माल नाकारण्याची तरतूद आहे. प्रमाणपत्र तिथे मदतीला येते, पण त्यामुळे ही चौकशी टळत नाही.

रानहळद

मला या चर्चेत तपासणीच्या पद्धतीबद्दल बोलायचे आहे, कारण अशाच एका तपासणीत मी दुभाषी म्हणून गेले होते. ती मे महिन्यात ठेवली होती. तेंदूच्या हंगामात सारा गाव पहाटेच रानात गेलेला असतो, त्यामुळे बैठकीला पाच पुरुष आले आणि पाने तोडणारी, त्यांचे पुडे बांधणारी एकही बाई नव्हती. अहवालात मात्र लोकांशी सल्लामसलत झाल्याची नोंद झाली. मानक कितीही बारकाईने लिहिले, तरी तपासणी कोणत्या महिन्यात, कोणत्या भाषेत आणि कोणासमोर व्हावी हे त्यात लिहिलेले नसेल, तर सामाजिक निकष कागदावरच राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे आहे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेथील ग्रामसभेने बांबूची विक्री सुरू केली, पण तेंदूपत्ता तोडायचा नाही असे ठरवले, कारण पानांसाठी झाडे छाटली जातात आणि रानात आगी लावल्या जातात. हातचे उत्पन्न सोडून घेतलेला हा निर्णय म्हणजे शाश्वत व्यवस्थापनच आहे, परंतु उत्पादन आणि महसूल मोजणाऱ्या रकान्यात तो घट म्हणूनच दिसेल. फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल (एफएससी) या वनप्रमाणनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सर्वसाधारण सभेत पर्यावरण, समाज आणि उद्योग या तिन्ही गटांच्या मतांना समान वजन असते. आपल्याकडे मानकाचा फेरविचार होईल तेव्हा ग्रामसभांना तशी जागा मिळाली, तरच असे निर्णय नोंदवणारा निर्देशक तयार होईल.

बांबूबन

सर्वांचे आभार. कूपक्रमांक७ यांनी सांगितलेल्या २०१२ च्या तरतुदीकडे माझे लक्षच गेले नव्हते. आमच्याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेच्या हाती एप्रिल २०११ मध्ये बांबू जंगलाबाहेर नेण्याच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक आले, तेव्हापासून आमच्या भागातील गावे या कागदाला फार जपतात. प्रत्येक परवान्याची स्थळप्रत गावात असल्यामुळे माल जंगलातून निघून कोणाकडे गेला याचा माग आमच्याकडे आधीच आहे. कमतरता आहे ती तोडणीच्या नोंदींची. कोवळे बांबू राखायचे हा नियम सगळे पाळतात, पण कोणत्या बेटातून किती बांबू काढले आणि किती ठेवले हे कोणी लिहीत नाही. दिवाळीनंतर तोडणी सुरू होण्याआधी तीन गावांत बेटांची नमुना मोजणी करून ती ठरावासोबत नोंदवहीत लिहायची, असे मी समितीपुढे मांडणार आहे. रानहळद ताई, आपल्याकडे गोंडीतून प्रश्नावली असल्यास कृपया कळवावे. भोपाळला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी याच धाग्यावर ठेवेन.